गंभीर भाजलेल्या रुग्णास प्रतिजैविकाची मात्रा कशी ठरवितात?

(आरोग्यविषयक लेख)



देवालय आणि अग्नी यांचा संबंध नित्याचा आहे. समई, निरांजन, कर्पूरारती, होमकुंड आणि महाप्रसादाच्या भट्ट्या यांवाचून आपला एकही उत्सव पार पडत नाही. अग्नीविषयी आदर बाळगणाऱ्यांनी त्याच्या दाहकतेची जाणीवही ठेवावी, हे ओघानेच आले. दिनांक २५ मार्च २०२४ रोजी, धुळवडीच्या पहाटे, उज्जैन येथील श्रीमहाकालेश्वर मंदिराच्या गर्भगृहात आरतीच्या वेळी गुलाल उधळला जात असता आग भडकली आणि पुजारी व सेवक मिळून १४ जण भाजले. त्यांपैकी काहींना उपचारार्थ इंदूरला आणण्यात आले. एका वयोवृद्ध सेवकाचे पुढे उपचार चालू असता निधन झाले. त्याच वर्षी ६ फेब्रुवारी रोजी हरदा येथील फटाका कारखान्यात झालेल्या भीषण स्फोटानंतरही अनेक जखमींना भोपाळ व इंदूर येथील रुग्णालयांत हलवावे लागले होते.

अशा प्रसंगी रुग्णालयाच्या व्हरांड्यात दिवसचे दिवस बसून राहिलेल्या आप्तांच्या मनात एक शंका हमखास येते. शेजारच्या खाटेवरील रुग्णास जे प्रतिजैविक दिले जाते, तेच आपल्या माणसास दीडपट वा दुप्पट प्रमाणात का दिले जाते? काल लिहिलेली मात्रा आज का बदलली? जे इंजेक्शन पूर्वी दोन मिनिटांत देत असत, ते आता तीन तास थेंब थेंब का सोडले जाते? या प्रश्नांचे शास्त्रशुद्ध उत्तर सुलभ भाषेत द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उत्तराचे सार प्रारंभीच सांगतो : औषधाच्या वेष्टनात लिहिलेली मात्रा सामान्य शरीरासाठी ठरविलेली असते, आणि गंभीर भाजल्यानंतर शरीर सामान्य राहत नाही. म्हणून ती मात्रा त्या रुग्णासाठी, त्या दिवसासाठी, नव्याने मोजून ठरवावी लागते.

१. प्रतिजैविक केव्हा द्यावयाचे?

त्वचा ही शरीराची तटबंदी होय. ती जळाली की रोगजंतूंना आत शिरण्यास वाट मिळते. गंभीर भाजलेला रुग्ण पहिल्या काही दिवसांच्या धक्क्यातून बचावला, तर पुढील काळात त्याच्या प्राणांस सर्वांत मोठा धोका जंतुसंसर्गापासून असतो. स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास, क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू जळीत कक्षांतील नेहमीचे शत्रू होत. त्यांतील पुष्कळसे आज अनेक औषधांना दाद देत नाहीत.

असे असले तरी, भाजला म्हणजे पहिल्याच दिवसापासून प्रतिजैविकाचे इंजेक्शन सुरू केलेच पाहिजे, हा समज चुकीचा आहे. जळीत रुग्णांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, संसर्ग झालेला नसताना केवळ खबरदारी म्हणून अशी औषधे शिरेतून देणे टाळावे असे सांगितले आहे. कारण उघड आहे. अशा औषधाने साधे जंतू मरतात व चिवट जंतूंना मैदान मोकळे मिळते. पुढे खरा संसर्ग झाला की तेच औषध निकामी ठरते. आरंभीच्या काळात जखम स्वच्छ ठेवणे, सिल्व्हर सल्फाडायझिनसारखी मलमे लावणे आणि मृत त्वचा लवकर काढून तेथे नवी त्वचा बसविणे, यांवर भर असतो. मृत त्वचेत रक्तप्रवाह नसतो. शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबर वाहते. जेथे रक्तच पोहोचत नाही, तेथे औषध पुरेसे पोहोचत नाही. म्हणून शस्त्रक्रियेचे काम औषधावर सोडून चालत नाही.

संसर्ग झाला आहे किंवा नाही, हे ओळखणेही येथे कठीण असते. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या माणसास संसर्गावाचूनही ताप येतो, नाडी जलद चालते, रक्तातील पांढऱ्या पेशी वाढतात. म्हणून डॉक्टर एकट्या तापावर विसंबून राहत नाहीत. जखमेचा बदललेला रंग व वास, घसरणारा रक्तदाब, कमी होणारी लघवी, बिघडणारी शुद्ध आणि रक्ताचा व जखमेचा कल्चर तपास, या सर्वांचा एकत्र विचार होतो. संसर्ग झाल्याचे ठरले, की मग मात्र विलंब चालत नाही आणि अपुरी मात्राही चालत नाही.

२. हौदाचा दृष्टान्त

मात्रेचे गणित समजण्यासाठी मंदिराच्या आवारातील पाण्याचा हौद डोळ्यांसमोर आणावा. त्या पाण्यात तुरटी फिरवावयाची आहे असे समजा. किती तुरटी लागेल? पहिल्या वेळी लागणारी तुरटी हौद केवढा आहे यावर ठरेल. परंतु हौदास तळाशी नळ असून तो सतत वाहत असेल आणि वरून नवे पाणी पडत असेल, तर तुरटीचे प्रमाण कायम राखण्यासाठी पुढे किती व किती वेळाने तुरटी घालावी, हे नळ किती वेगाने वाहतो यावर ठरेल.

औषधाचेही तसेच आहे. पहिली मात्रा शरीरात औषध किती पाण्यात पसरते यावर ठरते. पुढील मात्रा मूत्रपिंडे व यकृत औषध किती वेगाने बाहेर टाकतात यावर ठरतात. गंभीर भाजल्यावर हौद मोठा होतो आणि काही दिवसांत नळाचा वेगही वाढतो. मात्रा ठरविण्याची सारी अडचण या दोन वाक्यांत आली आहे. ती आता क्रमाने पाहू.

३. हौद मोठा कसा होतो?

भाजल्यानंतर पहिल्या २४ ते ४८ तासांत सूक्ष्म रक्तवाहिन्या गळक्या होतात. रक्तातील पाणी व प्रथिने बाहेर झिरपून शरीर सुजते आणि रक्तवाहिन्यांत मात्र पाण्याचा दुष्काळ पडतो. तो भरून काढण्यासाठी मोठ्या प्रमाणावर सलाईन द्यावे लागते. त्याचे प्रसिद्ध सूत्र अमेरिकेतील डॅलस येथील पार्कलँड रुग्णालयात डॉ. चार्ल्स बॅक्स्टर यांनी १९६० च्या दशकात मांडले. रुग्णाचे वजन (किलो) × भाजलेल्या भागाची टक्केवारी × ४ = पहिल्या २४ तासांत द्यावयाचे मिलिलिटर. त्यांपैकी निम्मे, भाजल्याच्या क्षणापासून पहिल्या ८ तासांत दिले जातात. हा केवळ आरंभीचा अंदाज असतो. पुढे लघवीचे प्रमाण पाहून ते कमी-अधिक करतात.

भाजलेल्या भागाची टक्केवारी काढण्यास नवाचा नियम वापरतात. प्रौढ माणसात डोके व मान मिळून ९, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, धडाची पुढील बाजू १८, मागील बाजू १८ आणि जननेंद्रियांचा भाग १, अशी बेरीज १०० होते. रुग्णाचा स्वतःचा बोटांसह पंजा सुमारे १ टक्का धरतात. लहान मुलांत डोके मोठे व पाय लहान असल्याने त्यांचे कोष्टक वेगळे असते.

समजा, ५० किलो वजनाची व्यक्ती ४० टक्के भाजली आहे. ५० × ४० × ४ = ८,००० मिलिलिटर, म्हणजे एका दिवसात ८ लिटर सलाईन. सामान्य स्थितीत अशा व्यक्तीच्या शरीरात पेशींच्या बाहेर असणारे एकूण पाणीच सुमारे १० लिटर असते. यावरून हौद किती वाढला याची कल्पना यावी.

आता अमिकासिन हे औषध घेऊ. ते मुख्यत्वे पेशींबाहेरील याच पाण्यात पसरते. सामान्य स्थितीत त्याचा हौद दर किलोमागे सुमारे पाव लिटर, म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीत साडेबारा लिटर असतो. दर किलोस १५ मि.ग्रॅ. या नेहमीच्या हिशेबाने ७५० मि.ग्रॅ. दिल्यास दर लिटरला ६० मि.ग्रॅ. पातळी मिळेल. भाजलेल्या रुग्णात हौद दर किलोस ०.४ लिटर, म्हणजे २० लिटर झाला असे धरू. आता त्याच ७५० मि.ग्रॅ. मधून केवळ ३७.५ ची पातळी मिळते. हे औषध जंतूस रोखण्यास लागणाऱ्या किमान पातळीच्या ८ ते १० पट चढले, तर ते उत्तम काम करते. जंतूची किमान पातळी ८ असेल, तर पहिल्या उदाहरणात साडेसात पट, म्हणजे जवळपास पुरेशी पातळी मिळाली. दुसऱ्यात पाच पटही मिळाली नाही. ती भरून काढण्यास दर किलोस २५ मि.ग्रॅ., म्हणजे १,२५० मि.ग्रॅ. द्यावे लागतील. शेजारच्या खाटेपेक्षा मात्रा मोठी का, याचे हे पहिले उत्तर होय.

४. मूत्रपिंडांची घाई

भाजल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत हृदयाचे कार्य मंदावलेले असते, मूत्रपिंडांना रक्त कमी मिळते आणि औषधे शरीरात रेंगाळतात. त्यानंतर चित्र पालटते. शरीर अतिवेगाने चालू लागते. हृदय अधिक रक्त ढकलते, चयापचय भडकतो, मूत्रपिंडांतून अधिक रक्त गाळले जाते. सामान्यतः मूत्रपिंडे मिनिटास सुमारे १०० ते १२० मिलिलिटर रक्तद्रव स्वच्छ करतात. हा आकडा १३० च्या वर गेला की मूत्रपिंडांचे कार्य वाढीव झाले असे मानतात. मूत्रपिंडे निरोगी असलेल्या तरुण जळीत रुग्णांत तो याहूनही बराच वर जाऊ शकतो.

येथे एक फसगत होते. तपासणीच्या कागदावर क्रिएटिनिन सामान्य वा किंचित कमी दिसते आणि सर्व ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात औषध झपाट्याने लघवीवाटे निघून जात असते. रक्तातील क्रिएटिनिनवरून हिशेब करण्याची सूत्रे, उदाहरणार्थ १९७६ चे कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र, सामान्य रुग्णांवरून बेतलेली असल्याने जळीत रुग्णांत पुष्कळदा चुकतात. त्यापेक्षा ८ किंवा २४ तासांची सर्व लघवी जमवून प्रत्यक्ष मोजमाप करणे अधिक भरवशाचे ठरते.

या घाईचा परिणाम आकड्यांत पाहू. समजा, एका औषधाची रक्तातील पातळी ३२ आहे, ती दर तासाला निम्मी होते आणि जंतूस रोखण्यास २ ची पातळी लागते. ३२ वरून १६, ८, ४ आणि २ असे चार टप्पे, म्हणजे ४ तास संरक्षण मिळाले. बाकी सर्व तेच ठेवून मूत्रपिंडांचा वेग दुप्पट करा. आता पातळी अर्ध्या तासात निम्मी होते आणि २ तासांतच संरक्षण संपते. औषध दर ८ तासांनी देत असल्यास उरलेले ६ तास जंतूंना वाढण्यास मोकळे मिळतात. नर्सने वेळेवर इंजेक्शन दिले, कागदावर नोंद झाली, आप्तांनी पैसेही भरले. तरी दिवसाचा बहुतेक वेळ रुग्ण औषधावाचूनच राहिला.

मूत्रपिंडांच्या या सामर्थ्याची ओळख वैद्यकास पेनिसिलिनच्या पहिल्या दिवसांतच झाली. फेब्रुवारी १९४१ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायास ते देण्यात आले. औषध इतके दुर्मीळ व लघवीवाटे इतक्या लवकर निघून जाणारे होते, की त्यांच्या लघवीतून ते पुन्हा वेगळे काढून वापरण्यात आले. रुग्णास प्रथम उतार पडला. परंतु साठा संपला आणि मार्चमध्ये त्यांचा अंत झाला. पुढे २८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथील कोकोनट ग्रोव्ह या क्लबला लागलेल्या आगीत ४९२ माणसे दगावली. त्या वेळी मर्क कंपनीने पेनिसिलिनयुक्त ३२ लिटर द्रव तातडीने रुग्णालयाकडे धाडला होता. जळीत रुग्णांवर प्रतिजैविक वापरण्याचा तो आरंभीचा प्रसंग होता. आजच्या मानाने तेव्हाची मात्रा फारच अल्प होती. औषध योग्य असणे आणि त्याची मात्रा पुरेशी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्या काळापासूनचा आहे.

५. प्रथिने आणि जखमेतील गळती

याशिवाय आणखी दोन कारणे हिशेबात धरावी लागतात. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन अनेक औषधांना धरून ठेवते. भाजल्यावर ते जखमेवाटे वाहून जाते व यकृतात त्याची निर्मितीही घटते. सेफ्ट्रायॅक्सोनसारख्या, मोठ्या अंशी अल्ब्युमिनला चिकटून राहणाऱ्या औषधाचा मोकळा भाग त्यामुळे वाढतो. आणि मोकळे औषधच मूत्रपिंडांतून गाळले जात असल्याने ते लवकर निघून जाते. दुसरे असे, की विस्तीर्ण उघड्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवाबरोबर काही औषध थेट बाहेर पडते. जखम जितकी मोठी, तितकी ही गळती अधिक. जखमा त्वचारोपणाने झाकल्या जाऊ लागल्या की ती घटते आणि मात्रेचा पुनर्विचार करावा लागतो.

६. प्रत्येक औषधाची काम करण्याची रीत निराळी

मात्रा वाढवावयाची तर ती एकदम मोठी द्यावी, वारंवार द्यावी की सावकाश द्यावी, हे औषधाच्या जातीवर अवलंबून असते. स्थूलमानाने तीन प्रकार आहेत.

(अ) शिखरावर अवलंबून असणारी औषधे : अमिकासिन व जेंटामायसिन या वर्गातील आहेत. पातळी एकदा पुरेशी उंच चढली की ती जंतूंचा संहार करतात. म्हणून दिवसातून एकच, परंतु मोठी मात्रा देतात.

(आ) वेळेवर अवलंबून असणारी औषधे : पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि मेरोपेनेमसारखी औषधे या वर्गात येतात. पातळी फार उंच गेल्याने त्यांचा लाभ विशेष वाढत नाही. ती किमान पातळीच्या वर किती वेळ राहिली, हे महत्त्वाचे. म्हणून पहिली पूर्ण मात्रा त्वरित देऊन पुढील मात्रा तीन-चार तास सावकाश किंवा दिवसभर अखंड सोडतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अतिदक्षता विभागातील ७ हजारांहून अधिक रुग्णांत या दोन पद्धतींची तुलना झाली. ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण अखंड पद्धतीत २४.९ टक्के, तर तुकड्यातुकड्यांनी देण्याच्या पद्धतीत २६.८ टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. परंतु त्याच सुमारास अनेक अभ्यासांचे जे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात अखंड पद्धतीचा कल लाभाकडे दिसला. हे रुग्ण सर्व प्रकारच्या गंभीर संसर्गांचे होते, केवळ जळीत नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. आपल्याकडे आणखी एक पथ्य आहे. मेरोपेनेम पाण्यात मिसळल्यावर फार काळ टिकत नाही आणि उष्णतेत अधिक लवकर बिघडते. वैशाखात इंदूरचा पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा दिवसभराची बाटली एकदाच भरून ठेवणे योग्य नव्हे.

(इ) एकूण संपर्कावर अवलंबून असणारी औषधे : व्हॅन्कोमायसिन हे त्याचे ठळक उदाहरण. येथे दिवसभरातील एकूण पातळीचा हिशेब करतात. २०२० मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी गंभीर स्टॅफिलोकॉकस संसर्गासाठी जुनी किमान-पातळीची पद्धत सोडून ४०० ते ६०० या एकूण संपर्काच्या मर्यादेत राहण्याची शिफारस केली. त्याखाली औषध अपुरे पडते आणि त्यावर मूत्रपिंडांस इजा होण्याचा संभव वाढतो.

७. अधिक म्हणजे उत्तम, असे नव्हे

वरील विवेचनावरून कोणी असा अर्थ काढू नये, की जळीत रुग्णास सरसकट दुप्पट औषध द्यावे. तोच रुग्ण संसर्गाने अत्यवस्थ झाला, रक्तदाब घसरला वा मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, की नळ जवळजवळ बंद पडतो. तेव्हा कालचीच मात्रा आज विषासमान होते. अमिकासिन व कोलिस्टिन मूत्रपिंडांस इजा करू शकतात. अमिकासिनमुळे कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. सेफेपिम वा इमिपेनेमची पातळी फार वाढल्यास झटके येऊ शकतात. वृद्ध, मधुमेही आणि पूर्वीपासून मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णांत ही भीती अधिक असते.

मूत्रपिंडे मंदावली असतानाही सामान्यतः पहिली मात्रा कमी करीत नाहीत, कारण ती हौदाच्या आकारावर ठरते. कमी करावयाच्या त्या पुढील मात्रा. हा भेद न पाळल्यास रुग्णास उपचाराच्या पहिल्याच, सर्वांत मोलाच्या दिवशी अपुरे औषध मिळते.

८. मग डॉक्टर मात्रा ठरवितात कशी?

सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१) भाजण्यापूर्वीचे वजन, सध्याचे वजन, भाजलेली टक्केवारी आणि भाजून किती दिवस झाले, यांची नोंद.
२) रक्त, जखम, थुंकी वा लघवी यांचे कल्चर औषध सुरू करण्यापूर्वी घेणे, कोणत्या औषधाची किती पातळी त्या जंतूस रोखते, हे त्यावरून कळते.
३) वाढलेल्या हौदास पुरेल अशी पहिली मात्रा विनाविलंब देणे.
४) लघवी जमवून मूत्रपिंडांचा वेग मोजणे व त्यानुसार पुढील मात्रा आणि अंतर ठरविणे.
५) शक्य असेल तेथे रक्तातील औषधाची पातळी तपासणे. व्हॅन्कोमायसिन व अमिकासिनची ही तपासणी मोठ्या प्रयोगशाळांतून होते. मेरोपेनेमसारख्या औषधांची तपासणी मोजक्याच ठिकाणी उपलब्ध असते.
६) ४८ ते ७२ तासांनी कल्चरचा अहवाल पाहून औषध बदलणे, आवर घालणे किंवा बंद करणे.

पातळी तपासण्याची सोय नसली, तरी पहिल्या चार गोष्टी जेथे कल्चरची सोय आहे अशा रुग्णालयात होऊ शकतात. त्यांस महाग यंत्र लागत नाही. लक्ष आणि नोंद लागते.

९. इंदूर परिसरातील आप्तांसाठी काही विनंत्या

इंदूर येथे महाराजा यशवंतराव रुग्णालय, चोइथराम रुग्णालय आदी ठिकाणी जळीत रुग्णांवर उपचार होतात. धार, झाबुआ, बडवानी, खरगोन, देवास, उज्जैन अशा दूरच्या भागांतूनही रुग्ण येथे येतात. वाटेत एक-दोन ठिकाणी उपचार झालेले असतात. त्यामुळे आप्तांचे सहकार्य मात्रेच्या हिशेबात प्रत्यक्ष उपयोगी पडते.

• पूर्वीच्या रुग्णालयाचे कागद व रिकाम्या औषधांची वेष्टने सोबत आणावीत. कोणते प्रतिजैविक केव्हा दिले, यावर पुढील निवड ठरते.
• रुग्णाचे भाजण्यापूर्वीचे खरे वजन सांगावे. सूज आल्यावर काट्यावरील वजन फसवे असते.
• मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, ऐकू कमी येणे, औषधाची ॲलर्जी किंवा गर्भारपण असल्यास ते लपवू नये.
• लघवी जमविण्यास सांगितल्यास एकही वेळची लघवी टाकून देऊ नये. एक बाटली सांडली तरी हिशेब चुकतो व मात्रा चुकते. सांडल्यास तसे नर्सला सांगावे.
• इंजेक्शन सावकाश चालू असता बाटलीचा वेग स्वतः वाढवू नये.
• खर्च झेपत नसल्यास डॉक्टरांशी तसे स्पष्ट बोलावे. मात्रा परस्पर अर्धी करणे किंवा एखादी वेळ चुकविणे सर्वांत घातक.
• "मोठे, भारी औषध आजच सुरू करा" असा आग्रह धरू नये. संसर्ग नसताना दिलेले भारी औषध उद्याची ढाल आजच मोडते.
• लाल रेघ असलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत. केंद्र शासनाने २०१६ मध्ये याच हेतूने लाल रेघेची मोहीम हाती घेतली.

१०. सर्वांत चांगली मात्रा म्हणजे तिची गरजच न पडणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. त्यांतील पुष्कळ अपघात टाळता येण्याजोगे असतात. पश्चिम मध्य प्रदेशाच्या ग्रामीण भागात रॉकेलच्या चिमण्यांऐवजी सौर व एलईडी कंदील वापरून घरातील आगीचा धोका घटविता येईल का, हे पाहणारा एक प्रयोग इंदूरच्या जळीत-तज्ज्ञांच्या सहभागाने झाला व २०१५ मध्ये तो वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही झाला. दीपावलीच्या दुसऱ्या दिवशी इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा येथे तुर्रा व कलगी या दोन पक्षांत होणाऱ्या हिंगोट युद्धातही दरवर्षी लोक भाजतात. उत्सवाच्या गर्दीत सुती वस्त्रे नेसणे, पाण्याच्या बादल्या व वाळू हाताशी ठेवणे, आरतीजवळ ज्वलनशील पदार्थ न नेणे, हे प्रत्येकास जमण्याजोगे आहे.

कोणी भाजलेच, तर प्रथम आग विझवावी. भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ लावू नये. अंगठ्या, बांगड्या, पैंजण सूज येण्यापूर्वी काढावेत. चिकटलेले कापड ओढू नये. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही न लावता स्वच्छ कापडाने झाकून, उरलेले अंग उबदार ठेवून, रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. भाजल्याची वेळ लिहून ठेवावी; सलाईनचा हिशेब त्या क्षणापासून होतो.

गंभीर भाजलेल्या रुग्णाचे शरीर दररोज बदलते आणि त्याबरोबर औषधाची गरजही बदलते. म्हणून मात्रा बदललेली दिसली, तर घाबरून न जाता डॉक्टरांना शांतपणे दोन प्रश्न विचारावेत : "संसर्ग कोणत्या जंतूचा आहे?" आणि "मूत्रपिंडांचा वेग आज किती आहे?" या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या कक्षात रोज लिहिली जातात, तेथे रुग्णास योग्य मात्रा मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते.

सूचना : प्रस्तुत लेख केवळ सर्वसामान्य माहितीसाठी आहे. यातील आकडे तत्त्व समजण्यासाठी दिलेले असून कोणत्याही रुग्णास त्यावरून औषध देऊ नये. उपचारांचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांचाच असावा.

सर्वांस निरामय दीर्घायुष्य लाभो, ही प्रार्थना.